चौदा वर्षांच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट : सात महिन्यांनंतर

लॅपटॉप २०११चा. दुसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो, म्हणजे तो रस्ता बंद. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता, म्हणून त्याआधीच विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, तीही एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. तिला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

पहिले तीन आठवडे मिंट जुन्या हार्ड डिस्कवरच चालवलं आणि निराश झाले. डेस्कटॉप दिसायला दोन मिनिटं, ब्राउझर उघडायला आणखी एक. मग तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क बसवली. तेच मिंट, तोच प्रोसेसर, आणि अर्ध्या मिनिटात मशीन कामाला तयार! सिस्टीम सुरू होताना हजारो लहान फायली वाचते. हार्ड डिस्कमध्ये त्या प्रत्येकीसाठी वाचणाऱ्या हेडला जागा बदलावी लागते, एसएसडीत तसलं काही नसतं. जुन्या लॅपटॉपवर एकाच गोष्टीला खर्च करायचा असेल, तर तो इथे करा.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह मोडमध्ये, म्हणजे डिस्कवर काही न टाकता, सगळं तपासा. मला तिथेच कळलं की वायफाय दिसत नाही. फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट लॅपटॉपला दिलं (टेदरिंग), मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला, त्याने सुचवलेला ड्रायव्हर (वायफाय चालवणारा प्रोग्राम) टाकला, काम झालं. पण हा ड्रायव्हर कर्नलच्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या, बाहेरचा असल्यामुळे अपडेटमधून आलेल्या नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा (कंपाइल करावा) लागतो. चौथ्या महिन्यात एका अपडेटनंतर तो बांधलाच गेला नाही आणि वायफाय गायब. लॅपटॉप सुरू होताना शिफ्ट दाबून धरली, ग्रब मेनूतून (काय सुरू करायचं ते निवडायची यादी) मागचा कर्नल निवडला, नेट परत आलं. तेव्हापासून मागचा एक चालता कर्नल मी कधीच काढून टाकत नाही.

व्हिडिओ हा खरा कमकुवत भाग. यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ या नव्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं आणि २०११च्या ग्राफिक्सला ते समजत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, फॅन घोंघावतो. एच.२६४ या जुन्या फॉरमॅटची सक्ती करणारं ब्राउझरचं एक्स्टेन्शन टाकल्यावर ७२०पी नीट चालतं. त्यापुढची अपेक्षा मी ठेवत नाही.

रॅमचं म्हणाल तर नुसता डेस्कटॉप एक जीबीच्या आसपास घेतो, बाकीची ब्राउझर खातो. आठ-दहा टॅब झाले की माउससुद्धा अडखळायचा. झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारी सोय) सुरू केल्यावर थोडा फरक पडला, पण ८ जीबी केल्यावरच खरी सुटका झाली. लिब्रेऑफिस, पीडीएफ, मेल, व्हिडिओ कॉल, सगळं आता याच मशीनवर होतं. कॉल चालू असताना मात्र बाकीचे टॅब बंद करते.

बॅटरी जुनीच आहे, चाळीस मिनिटं टिकते. ती बदलायची आहे.