ओकायामात चार आठवडे जपानी शिकले: कोर्स कसा होता, कोणी जावं

आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते. जूनच्या शेवटापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत मी जपानमध्ये ओकायामाला होते, तिथल्या एका भाषाशाळेचा चार आठवड्यांचा शॉर्ट टर्म कोर्स केला, सकाळी ९ ते साडेबारा वर्ग, आठवड्यातून दोन दुपारी कल्चरचे तास, आणि राहायला होमस्टे. वर्गाला मी ५ पैकी ३ देईन, होमस्टेला ५, आणि गावाला विचाराल तर तिथून परत यायची इच्छा नव्हती एवढंच सांगते.

आधी माझी परिस्थिती सांगते म्हणजे तुम्हाला तुमची ताडून बघता येईल. पुण्यात दोन वर्षं वीकेंडचे क्लास, डिसेंबरमध्ये जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी पास, ऑफिसात जपानी क्लायंट. पण कॉलवर मी फक्त ऐकायचे. जेएलपीटीमध्ये बोलायची परीक्षाच नाही, त्यामुळे सर्टिफिकेट हातात आणि तोंडातून वाक्य नाही अशी माझ्यासारखी खूप मुलं-मुली पुण्यात आहेत आणि हा कोर्स त्यांच्यासाठी आहे असं माझं ठाम मत आहे. हिरागानासुद्धा येत नसताना जाऊ नका. आमच्या बॅचला दोघं तसे आले होते, त्यांचा पहिला आठवडा अक्षरं गिरवण्यात गेला आणि ते काम घरी डायनिंग टेबलवर बसून फुकटात होतं.

ओकायामाच का, तर सुरुवात सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानातून झाली. ते पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे आणि ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे हे पाटीवर लहानपणापासून वाचलेलं, कॉलेजात असताना तिथे जाऊन बसायचो, मग मूळ बाग बघायची राहून कशी चालेल. दुसरं कारण जास्त व्यावहारिक होतं. क्योतो-ओसाकाकडे शब्दांचे चढ-उतार वेगळे असतात, ओकायामा तिथून शिनकानसेनने म्हणजे बुलेट ट्रेनने पाऊण तासावर असूनही इथले चढ-उतार तोक्योच्या पद्धतीचे आहेत, म्हणजे क्लासमध्ये आणि ऑडिओमध्ये जे ऐकलं त्याच्या जवळचं कानावर पडतं. शिवाय गाव छोटं, दोन लाइनींची ट्राम, मागच्या दाराने चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे, तोक्योपेक्षा खर्च कमी, आणि दुकानात कोणी पटकन इंग्लिशवर येत नाही जे मला हवंच होतं.

आता वर्गाबद्दल. पहिल्या दिवशी प्लेसमेंट टेस्ट झाली ती फक्त लेखी. इथेच गडबड झाली. वर्गात दहा जण, तैवान आणि हाँगकाँगची मुलं जास्त, त्यांना कांजी म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं आधीपासून वाचता येतात त्यामुळे उतारा दिला की माझं पहिलं वाक्य होईपर्यंत त्यांचं पान संपलेलं, पण बोलायची वेळ आली की आम्ही भारतीय, नेपाळी लोक पुढे. लेखी परीक्षेत हे कळतच नाही. मला खालच्या वर्गात टाकलं, जे मी पुण्यात दीड वर्षापूर्वी केलं होतं तेच परत. तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण वर्ग बदलेपर्यंत आठवडा गेला. चार आठवड्यांतला एक आठवडा म्हणजे पाव कोर्स, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. जाणार असाल तर आधीच ईमेलमध्ये लिहा की तोंडी परीक्षा पण घ्या.

वर्ग बदलल्यावर मात्र मजा आली, शिकवणाऱ्या बाई जबरदस्त होत्या. पूर्ण जपानीतून शिकवणं आणि एकेकाला उभं करून बोलायला लावणं. तिथे मला एक गोष्ट लख्ख कळली जी पुण्यात इंग्लिशमधून शिकताना कळली नव्हती, ती म्हणजे आपण हे सगळं मराठीतून शिकायला पाहिजे होतं. 'ताबेते मिते' म्हणजे 'खाऊन बघ'. जसंच्या तसं, बघणं हे क्रियापदसुद्धा तेच! 'कात्ते ओकु' म्हणजे 'घेऊन ठेवणं', 'मोत्ते किते' म्हणजे 'घेऊन ये', 'वासुरेते शिमाइमाश्ता' म्हणजे 'विसरून गेले'. इंग्लिशमध्ये यातल्या एकेकावर पानभर समजूत घालावी लागते, आणि आपली आजी हे दिवसभर बोलते. ओचिरु-ओतोसु म्हणजे पडणं-पाडणं. क्रियापद शेवटी, नो म्हणजे चा-ची-चे, नि म्हणजे ला. आणि त्यांची अ इ उ ए ओ, मग का सा ता ना ही वर्णमालेची मांडणीसुद्धा बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून आलेली. मी दुसऱ्या आठवड्यापासून वहीत इंग्लिश अर्थ लिहिणं बंद केलं, समोर मराठी लिहायला लागले आणि बोलण्याचा वेग खरंच वाढला. ही एक टिप कुठेही न जातासुद्धा वापरता येईल.

कल्चरचे तास कमी-जास्त. शोदो म्हणजे ब्रशने अक्षरं काढायचा तास दीड तासाचा, एक अक्षर, एक फोटो, झालं. युकाता म्हणजे सुती किमोनो नेसवणं पण तसंच. पण चहाचा तास फार सुंदर होता. बसून दार कसं सरकवायचं, वाडग्याची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागू नये म्हणून पिण्याआधी तो हातात कसा फिरवायचा, यातलं प्रत्येक कारण त्या बाईंनी सांगितलं. तिथला एक वाडगा मातकट लाल-तपकिरी होता, चकाकी अजिबात नाही, हातात खडबडीत आणि उबदार. विचारलं तर म्हणाल्या बिझेन. मग त्या शनिवारी मी लोकल ट्रेनने इन्बेला गेले, बिझेनची भांडी तिथे होतात. ग्लेझ लावतच नाहीत, लाल पाइनच्या लाकडावर दहा दहा दिवस किंवा त्याहून जास्त भट्टी चालते आणि राख जिथे जशी बसेल तसा रंग उमटतो. एका दुकानातल्या काकांनी अर्धा तास भट्टीबद्दल सांगितलं, मला निम्मं कळलं असेल, पण निम्मं कळलं! एक छोटा कप घेतला, रोज सकाळचा चहा त्यातच पिते.

होमस्टेसाठी मात्र कितीही लिहिलं तरी कमी आहे. साठीच्या आसपासच्या ओकासान म्हणजे घरातल्या आई, त्यांचे मिस्टर, आणि ओकासानचे सासरे, वय ८६, ज्यांना मी ओजीसान म्हणजे आजोबा म्हणायचे. घराचे नियम पहिल्या संध्याकाळी समजावले, चपला काढून टोकं दाराकडे करून ठेवायच्या, टॉयलेटच्या स्लीपर वेगळ्या आणि त्या बाहेर आणायच्या नाहीत, टबात उतरायच्या आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचं आणि टबातलं पाणी सोडायचं नाही कारण तेच पाणी सगळ्यांसाठी असतं, कचरा कुठला कुठल्या दिवशी याचं कॅलेंडर फ्रिजवर. दोन-तीन दिवसांत सवय होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी पुस्तकातलं 'इत्तेकिमास' म्हटलं आणि आतून 'इत्तेराश्शाई' आलं, आणि मी दारातच थांबले. इत्तेकिमास म्हणजे शब्दशः 'जाऊन येते'. आमच्याकडे आई कधी 'जाते' म्हणू देत नाही, 'येते म्हण' म्हणते. हा शब्द मी दोन वर्षं नुसताच पाठ केला होता. परक्या देशात, परक्या घरातून निघताना कोणीतरी 'जाऊन ये' म्हणालं आणि तो शब्द माझा झाला.

शाकाहारी लोकांसाठी खास लिहिते कारण ज्या एजंटकडून मी चौकशी केली होती त्याने 'व्हेज चालतं, सगळं मिळतं' असं सांगितलं होतं आणि ते अजिबात खरं नाही. नुसतं 'बेजितारियान' म्हणून भागत नाही. मांस-मासे नकोत म्हणलं तरी दाशी राहतेच, म्हणजे सुक्या बोनिटो माशाचं पाणी, ते मिसो सूपमध्ये असतं, उकडलेल्या भाजीत असतं, नूडल्सच्या रश्श्यात असतं. स्पष्ट सांगायचं की काट्सुओ दाशी पण चालत नाही. ओकासानना हे समजावून सांगितल्यावर त्यांनी चारही आठवडे कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ आणि सुक्या शिताके मशरूमची दाशी वेगळी काढली, आणि त्यांच्या देवळांतल्या भिक्षूंचं जेवण असंच असतं म्हणून मला टोफूचे आणि वांग्याचे कितीतरी प्रकार करून घातले. बाहेर उमेबोशीच्या ओनिगिरीवर म्हणजे आत खारवलेलं आंबट फळ घातलेल्या भाताच्या मुटक्यांवर बरेच दिवस काढले, पण पाकिटामागचं वाचायला शिका.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. जुलैत तिकडे पावसाळा, त्सुयु म्हणतात. ओकायामा खरं तर उन्हाचा प्रदेश म्हणून मिरवतं पण आम्ही होतो तेव्हा एकदा सलग तीन दिवस पाऊस लागला, फोनवर अलर्ट यायला लागले, आणि ओजीसान उठून कपाटातून एक घडी घातलेला नकाशा घेऊन आले. कुठल्या भागात किती पाणी चढू शकतं याचा हजार्ड मॅप. तो टेबलावर पसरून त्यांनी मला घर दाखवलं, शाळा दाखवली, पळायची वेळ आली तर कुठल्या रस्त्याने जायचं ते बोटाने दाखवलं, मग बोट डावीकडे नेऊन कुराशिकीच्या माबी भागावर ठेवलं. २०१८ च्या जुलैत तिथे नदीचे बांध फुटले, घरं दुसऱ्या मजल्यापर्यंत पाण्यात गेली, पन्नासच्या वर माणसं गेली. त्यांचा एक जुना मित्र तिथे राहायचा. ओजीसान बोलतात ती ओकायामाची बोली, 'फार'ला 'देरे', 'म्हणून'ला 'जाकेए', पहिल्या आठवड्यात मला त्यांचं काहीच कळायचं नाही, पण त्या दिवशी ते फार हळू बोलले.

तारीख होती १२ जुलै. मला पानशेत आठवलं. माझी आजी तेव्हा शनिवार पेठेत राहायची आणि १९६१ च्या १२ जुलैची तिची गोष्ट आमच्या घरी दर पावसाळ्यात होते, धरण फुटलं, मग खडकवासल्याचंही, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. मी ते सांगायला लागले. शब्द नव्हते, तरी सांगत राहिले, आमच्या गावात पण, आजच्याच तारखेला, आजी, गच्ची, दागिन्यांचा डबा. धरण फुटलं म्हणताना मी 'कोवाश्ता' म्हणाले म्हणजे 'फोडलं', ओजीसाननी विचारलं कोणी, मग मी सुधारलं, आणि मग त्यांनी मला नेमका शब्द दिला, 'केक्काई'. बांध किंवा धरण फुटतं त्याला. तो एन-४ च्या यादीत नाही, मी तो कुठे शिकले असते? पाऊण तास बोललो आम्ही. मध्येच ओकासान आल्या आणि चहा ठेवून न बोलता बसल्या. दोन वर्षांत मी जपानीतून सलग पाच मिनिटं बोलले नव्हते.

म्हणून कोणी विचारलं की होमस्टे घ्यावा की डॉर्म, तर डॉर्म थोडा स्वस्त आहे, स्वातंत्र्य आहे, पण संध्याकाळी सगळे इंग्लिशमध्ये बोलतात हे मी डॉर्ममधल्या मैत्रिणींकडे जाऊन पाहिलंय. पैसे कुठे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

कोराकुएन राहिलंच. १७०० साली पूर्ण झालेली सरदार घराण्याची बाग, नदीपलीकडे काळा किल्ला, आत मोकळी हिरवळ, पाण्याचे पाट, चहाची लागवड, चक्क भातखाचर, आणि जुलैत तळ्यात कमळं. शाळा सुटली की मी तिथेच जायचे. पाटाशेजारी बसलं की सिंहगड रोडवर बसल्यासारखं वाटायचं, फक्त रिक्षांचे आवाज नाहीत. आणि जुलैतच तिथली पांढरी पीच येतात, महाग आहेत, तरी एक तरी खा, साल हाताने निघते आणि रस कोपरापर्यंत येतो, अगदी हापूस खाताना येतो तसा.

खर्च: शाळेची फी साधारण ९५,००० येन, होमस्टे नाश्ता आणि रात्रीच्या जेवणासकट जवळपास तेवढाच, विमान, इन्शुरन्स, फिरणं सगळं धरून मला अडीच लाख रुपयांच्या थोडं वर गेले. ९० दिवसांच्या आतला कोर्स असल्याने स्टुडंट व्हिसा लागला नाही, शॉर्ट स्टे व्हिसावर झालं, त्यावर पार्टटाइम काम करता येत नाही हे लक्षात ठेवा. एजंटची काहीच गरज नव्हती, शाळेला थेट ईमेल केलेल्या मैत्रिणीला दोन दिवसांत उत्तर आलं. होमस्टे हवा असेल तर तीन महिने आधी मागा, घरं थोडी असतात, आणि जेवणाचं काय चालतं काय नाही ते फॉर्ममध्ये सविस्तर लिहा. जाताना बाकरवडी न्या, तिखट कमी असलेली. ओजीसाननी अख्खं पाकीट दोन दिवसांत संपवलं आणि ओकासान अजून लाइन अॅपवर मेसेज करून रेसिपी विचारतात, ती मी आईकडून लिहून घेऊन जपानीत उतरवतेय, खसखशीपाशी अडलेय.