जुन्या साड्यांचे कुर्ते, महेश्वरी आणि बाग प्रिंट: दिवाळीपासून वापरून बघितलेलं

आधी निकाल सांगते. महेश्वरी साडी डोळे झाकून घ्या, बाग प्रिंट (बाग गावचं ठशांनी छापलेलं कापड) पहिल्या धुण्याला जपून घ्या, आणि जुनं रेशीम कुठे विरलंय का ते उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय घेऊच नका.

इंदुरात घरगुती पातळीवर असे कपडे शिवणाऱ्या-विकणाऱ्या बायका आता बऱ्याच झाल्यात. मी गेल्या दिवाळीपासून अशाच दोघी-तिघींकडून कपडे घेतेय. नावं मुद्दाम देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

रामबागेकडच्या ताई जुन्या साड्यांचे कुर्ते शिवतात. त्यांच्याकडून जांभळ्या धर्मावरम रेशमी साडीचा एक घेतला, अठराशेला. दिसायला असा की ऑफिसात दोघींनी पत्ता मागितला. होळीच्या सुमाराला वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंचावला आणि काखेपाशी टर्रकन आवाज आला. शिवण शाबूत, कापडच गेलेलं, तेही सरळ रेषेत. ती रेष साडीच्या घडीची होती. वर्षानुवर्षं एकाच घडीत कपाटात पडलेली साडी तिथेच विरते, आणि जरीचा कडक धागा शेजारच्या रेशमाला कापत राहतो. साडी म्हणून अंगावर सैल असते तोवर हे कळत नाही. बेतून शिवलं की सगळा ताण नेमका त्या जागी येतो. ताईंनी कुरकुर न करता आतून मलमलचं अस्तर लावून दिलं, काखेत कळी घातली, पैसे घेतले नाहीत. आता टिकलाय. पण अस्तर पहिल्यांदाच लावायला हवं होतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

एक गोष्ट मात्र त्यांची मनापासून आवडली. काठाच्या आतल्या बाजूचा जरीचा धागा त्या गिऱ्हाइकासमोर नखाने खरवडून दाखवतात. आत लाल रेशीम दिसलं तर चांदीची जरी, तांबं दिसलं तर टेस्टेड, म्हणजे तांब्याच्या तारेची स्वस्त जरी, आणि मग किंमत त्याप्रमाणे. माझ्या कुर्त्यात तांबं निघालं, म्हणून तो अठराशेला मिळाला. आमच्या आईने असल्याच साड्या बोहारणीला घालून स्टीलचे डबे घेतले होते. त्यातला एक अजून स्वयंपाकघरात आहे आणि डब्याला काही झालेलं नाही.

महेश्वरीबद्दल तक्रार शोधूनही सापडत नाही. अहिल्याबाईंच्या राजधानीचं हे कापड इथून नव्वदेक किलोमीटरवर विणलं जातं, तरी आम्ही इंदूरकर ते लग्नाच्या आहेरापुरतंच घेत होतो. ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुती, त्यामुळे चमक राहते आणि मे महिन्यात अंगाला चिकटत नाही. दोन्ही बाजूंनी नेसता येणारी बुगडी किनार घ्या. एका बाजूला चहा सांडला की उलटी नेसायची, संध्याकाळ निभते. घेताना हातमागाचा शिक्का बघा, हॅंडलूम मार्क २००६ पासून आहे. ‘सगळं हातमागाचंच आहे हो’ एवढ्यावर पैसे देऊ नका.

बाग प्रिंटचा दुपट्टा धार जिल्ह्यातला. लाल रंग तुरटीच्या जोरावर धरतो, काळा लोखंडाच्या गंजातून येतो. विकणारीने बजावलं होतं की पहिल्यांदा वेगळा भिजवा. भिजवला, तरी बादलीभर पाणी गुलाबी झालं. दुसऱ्या धुण्यापासून मात्र काही नाही, आणि लाल रंग आता जास्त खुलून दिसतो.

खरा राग आला तो एका चकचकीत दुकानाचा. बाहेर ‘पर्यावरणपूरक’ अशी पाटी, आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात पॉलिएस्टर, आणि ड्रेस प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेला. आमच्याकडे कचरागाडीवाला ओल्यात सुकं दिसलं तरी डबा परत करतो, त्या गावात हे! त्या ड्रेसला महिनाभरात बसायच्या जागी गोळे आले.

गैरसोयीही आहेत. तयार मापं नसतात, माप द्यायला स्वतः जावं लागतं. ‘परवा’ म्हणजे पुढचा आठवडा. आवडलेला तुकडा दुसऱ्यांदा मिळत नाही, कारण साडी एकच असते. पावसाळ्यात आलेल्या मालाला कपाटाचा वास असतो, तो दोन-तीन दिवस सावलीत वाळत घातल्यावर जातो. डांबराच्या गोळ्या जरीजवळ ठेवू नका, मलमलच्या पिशवीत कडुनिंबाचा पाला पुरतो.

पुरुषांसाठी या सगळ्यांकडे जवळपास काहीच नाही. उरलेल्या काठांची जाकिटं तेवढी मिळतात. यांना एक घेतलं, खांद्यात घट्ट झालं, आणि मार्जिन न ठेवल्यामुळे ढिलं करता आलं नाही. ते आता माझा भाचा घालतो.