जॉर्ज टाऊन, पेनांग: काही न करायला जाणाऱ्यांसाठी पाचपैकी साडेचार

मलेशियाला जाऊन आलो म्हटलं की बेळगावात पहिला प्रश्न येतो, ट्विन टॉवर बघितला का. नाही बघितला, क्वालालंपूरच्या एअरपोर्टबाहेर पायसुद्धा ठेवला नाही. मी, आई आणि खानापूरची मावशी अशा तिघी, थेट पेनांग बेटावर गेलो, तिथल्या जॉर्ज टाऊन या मुख्य शहरात राहिलो आणि तिथं मन लावून काही केलं नाही. सकाळी सातला बसमध्ये कोंबून रात्री नऊला हॉटेलवर सोडणाऱ्या टूरचा ज्यांना वीट आलाय त्यांच्यासाठी लिहायलोय, बाकीच्यांनी खुशाल पॅकेज घ्यावं.

राहायला हेरिटेज भागातल्या जुन्या शॉपहाऊसमधलं एक गेस्ट हाऊस घेतलं होतं. नाव देत नाही, असली गेस्ट हाऊस तिथं गल्लोगल्ली आहेत. शॉपहाऊस म्हणजे खाली दुकान वर घर, तोंडाला अरुंद पण आत लांबच लांब, आणि मध्ये आपल्या वाड्याच्या चौकासारखी वर उघडी जागा, पाऊस आला की सरळ घरात पडतो आणि खालच्या मोरीतून निघून जातो. नक्षीच्या फरश्या, खिडक्यांना लाकडी झडपा. मावशीनं आल्या आल्या चौकाकडेची वेताची खुर्ची धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही, दुपारी ढग भरून यायचे, धाडधाड पाऊस पडायचा, अर्ध्या-पाऊण तासात परत ऊन, आणि ही आपली पाय वर घेऊन बघत बसलेली. चल की गं बाहेर म्हटलं तर, "तुमी जाऊन या जावा, मी हितं निवांत बसूलालो न्हवं."

आता तक्रारी. जिना लाकडी आणि इतका उभा की आई उतरताना दर वेळी उलटं तोंड करून उतरायची, लिफ्ट नाही. खोल्यांमधली भिंत म्हणजे नावाला भिंत, शेजारच्याचा पहाटेचा अलार्म आम्ही बंद करायला उठलो असतो असं वाटायचं. नाश्त्याला टोस्ट आणि काया, काया म्हणजे नारळाचं दूध, अंडं आणि साखर आटवून केलेला जॅम, चवीला झकास पण अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथं कोणी आपणहून सांगत नाही. आणि परदेशी पाहुण्यांना एका खोलीला रात्रीचे १० रिंगिट टुरिझम टॅक्स आहे, तो काउंटरवर वेगळा मागतात. आई लगेच वाद घालायच्या तयारीत होती पण तो सरकारी आहे, सगळीकडे घेतात, भांडू नका.

खाण्याचं मात्र काय सांगू. अस्सम लाक्सा म्हणून एक प्रकार मिळतो, जाड तांदळाच्या नूडल्स आणि वरून माशाचं आंबट-तिखट सार. त्यातला मासा म्हणजे आपला बांगडाच, आंबटपणाला चिंच आणि कोकमाच्या जातीतलं एक फळ वाळवून घालतात, वरून पुदिना, कांदा, काकडी, अननस आणि चमच्यात कोळंबीची काळी घट्ट पेस्ट. आईनं पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला गप्प झाली आणि मग वाटी तोंडाला लावली. बांगड्याचं तिखलं खाणाऱ्या माणसाला हे परकं वाटूच शकत नाही. चार क्वे टियाव घेताना गाडीसमोर उभं राहून बघा, एकच मोठी कढई, खाली भडकलेला जाळ, रुंद पट्टीच्या नूडल्स, कोळंबी, शिंपले, मोड, अंडं, आणि चांगला माणूस एका वेळी एकच प्लेट करतो, म्हणून रांग हलत नाही आणि कोणी कुरकुरतही नाही. फक्त बऱ्याच ठिकाणी डुकराची चरबी घालतात, चालत नसेल तर हलाल गाडीवर जावा. चेंडोल हा बर्फावर नारळाचं दूध, गुळाचा पाक, राजमा आणि हिरव्या शेवया, ऐकायला विचित्र पण उन्हातून आल्यावर दोन वाट्या कधी संपतात कळत नाही. जायफळाचं सरबतही मिळतं, पेनांगला जायफळाच्या बागा आहेत, आपण जायफळ फक्त श्रीखंडात किसून टाकतो आणि ही माणसं त्या फळाचा गरच पितात.

मावशीचा गुरुवार असतो. त्याची काळजी करत होतो पण लिटिल इंडियात शाकाहारी तमिळ खानावळी आहेत, केळीच्या पानावर भात-सांबार, डोसा, सगळं. तिथं मावशी वाढप्याशी सरळ कन्नडात बोलूलालती, तो तमिळमध्ये उत्तर देत होता आणि पानावर बरोबर पाहिजे तेच पडत होतं. जवळच क्वीन स्ट्रीटवर १८३३ सालचं मरिअम्मनचं देऊळ आहे, तिथून चालत दोन-चार मिनिटांत चिनी लोकांच्या दयेच्या देवीचं, कुआन यिनचं देऊळ आणि पुढं कपितान केलिंग मशीद. रस्त्याच्या पाट्यांवर मलायच्या जोडीला कुठं इंग्रजी, कुठं चिनी, कुठं तमिळ. बेळगावच्या माणसाची नजर पाटीवर आधी जाते, त्याला काय इलाज.

जॉर्ज टाऊनचा हा जुना भाग मेलाका या मलेशियातल्याच दुसऱ्या जुन्या शहरासोबत २००८ साली युनेस्कोच्या यादीत गेला, म्हणून जुनी घरं टिकून आहेत आणि म्हणूनच कॅफेसुद्धा जरा जास्तच झालेत. दुकानांसमोरून छताखालची पायवाट जाते, ऊन-पाऊस लागत नाही, पण मध्येच कोणाची तरी बाईक, कुंड्या, टेबल, मग परत रस्त्यावर उतरा. आर्मेनियन स्ट्रीटला भिंतीवर सायकलवरच्या दोन पोरांचं चित्र आहे, २०१२ सालचं, सायकल मात्र खरी भिंतीला लावलेली, तिच्यासोबत फोटोसाठी लोक भर उन्हात रांगेत. आम्ही रांग बघून पुढं गेलो.

पेनांग हिल रेल्वेनं वर जायचं, वर हवा गार असते, आपल्याला त्याचं एवढं अप्रूप नाही. केक लोक सीचं देऊळ बघण्यासारखं आहे, कुआन यिनची कांस्याची मूर्ती ३० मीटरच्या वर, आणि तिथवर जायला तिरकी लिफ्ट आहे म्हणून गुडघेवाल्यांचं जमतं, बाकी पायऱ्या भरपूर. बीचसाठी मात्र पेनांगला जाऊ नका. बाटू फेरिंगीला जाऊन आलो, ठीक आहे, पण समुद्रच पाहिजे तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जावा की, एवढा खर्च कशाला.

जायचं असेल तर आमच्यासारखं रात्रीच्या राणी चन्नम्मानं बेंगळुरू, तिथून क्वालालंपूर आणि पुढं छोटं विमान. १ डिसेंबर २०२३ पासून आपल्याला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, सूट सध्या २०२६ अखेरपर्यंत आहे, पण पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. ते सरकारी साइटवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा, पाऊस जास्त, डिसेंबर ते फेब्रुवारी बरं, फक्त चिनी नववर्षात निम्म्या खाण्याच्या गाड्या बंद असतात. जेट्टीवरून गावात फिरणारी कॅट नावाची बस फुकट आहे, एसी आहे, पाय दुखले की चढायचं. आणि बुकिंग करताना खालच्या मजल्यावरची, चौकाच्या बाजूची खोली आहे का ते आधी विचारा, पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील.