१/८ बग्गीचे तीन डिफ: खारघरच्या धुळीत आणि चिखलात

रिमोटवर चालणारी इलेक्ट्रिक १/८ बग्गी (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश मापाची) घेतली त्याला एक पावसाळा, एक हिवाळा आणि अख्खा उन्हाळा झाला. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (चाकं वळवणारी मोटर) यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी फक्त डिफवर लिहितो. डिफ म्हणजे डिफरन्शियल, चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची डबी; या गाडीत पुढे, मधे आणि मागे अशा तीन असतात. मत आधीच सांगून टाकतो. डिफमध्ये किती दाटपणाचं सिलिकॉन तेल घालायचं यावर आपण मैदानावर तास तास वाद घालतो. पण ते तेल आत टिकतंय का आणि दर वेळी तेवढंच भरलं जातंय का, हे बघतो कोण? गाडीचं वागणं बिघडतं ते तिथे.

माहितीपत्रकात पुढे ५ हजार, मधे ५ हजार, मागे ३ हजार असं छापलं होतं. आकडे सीएसटी या दाटपणाच्या एककातले, ५ हजारचं तेल साधारण मधासारखं ओघळतं. गाडी चालवण्याआधीच तिन्ही डिफ खोलले. मधला आणि मागचा ठीक होते. पुढच्यात तेल क्रॉस पिनपर्यंतही (छोटे गिअर ज्यावर बसतात त्या आडव्या पिना) नव्हतं आणि गॅस्केट एका स्क्रूपाशी दुमडलेलं. कंपनीचं नाव घेत नाही. रेडी-टू-रन (तयार जोडून येणारी) गाडी कुणाचीही घ्या, डब्यातून काढली की आधी डिफ खोला.

भरायची माझी पद्धत आता ठरून गेली आहे. केस आणि गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन कोरडे करायचे. ओ-रिंगला (तेल अडवणारी रबरी कडी) बोटाने ग्रीस, मग मोठा गिअर, शिम (पातळ चकती), क्रॉस पिन, चार छोटे गिअर. अर्धं तेल ओतून आउटड्राइव्ह (डिफमधून बाहेर येणारा दांडा) हळूहळू फिरवायचा, की दातांखाली अडकलेले बुडबुडे एकेक करून वर येतात. जाड तेलाला इथे घाई चालत नाही; मी झाकून ठेवतो आणि जेवून येतो. नंतर पिना जेमतेम बुडतील इतकं वर भरायचं. काठोकाठ नाही, कारण तापल्यावर तेल फुगतं आणि ओ-रिंगमधूनच वाट काढतं. मग डिफ सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवायचा आणि वजन वहीत लिहायचं. पुढच्या वेळी खोलण्याआधी बाहेरून पुसून पुन्हा वजन केलं, की किती गळलं ते कळतं. स्क्रू आवळण्याआधी प्रत्येक स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक्’ झालं की तो जुन्या आट्यात बसला. तिथून समोरासमोरच्या जोडीने थोडं थोडं आवळा, नाहीतर प्लॅस्टिकचे आटे गेलेच.

ओ-रिंग नायट्राइल रबरच्या घ्या. सिलिकॉन रबरच्या नकोत, त्या सिलिकॉन तेलात फुगतात. तुर्भे, रबाळे पट्ट्यातल्या ऑइल सील आणि बेअरिंगच्या दुकानात गाडीतली जुनी रिंग नमुना म्हणून नेली तर जास्त समजावावं लागत नाही. ‘मशीन कुठलं?’ या प्रश्नाची मात्र तयारी ठेवा.

आता आकडे. आमचं मैदान म्हणजे सुटी मुरमाड माती, वर धूळ. सगळ्यात जास्त फरक मधल्या डिफने पडला. ५ हजारवर कोपऱ्यातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की पुढची चाकं हवेत फिरल्यासारखी भिरभिरायची आणि सगळा जोर तिथेच वाया जायचा. ७ हजारवर गाडी सरळ सुटते. १० हजारवर आणखी झोंबते, पण खड्ड्यांवर उधळते आणि मागचा भाग बाहेर फेकते. पुढे ५ हजारच ठेवलं, कारण जाड केलं की वळणात शिरताना गाडी नाक घालत नाही. मागे ३ हजार; वळणात मागची पकड त्यानेच राहते. तर ५-७-३. सिमेंटच्या कोर्टवर चालवणाऱ्यांनी हे जसंच्या तसं उचलू नये.

७ हजार मिळालं नाही तर ५ आणि १० हजार समसमान मिसळा. सरासरी साडेसात येत नाही, साधारण ७ हजारच येतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

मे महिन्यात हे सगळं एक पायरी खाली उतरतं. बाटलीवरचा आकडा २५ अंशाला मोजलेला असतो आणि तेल ६०-६५ अंशाला गेलं की त्याचा दाटपणा जवळपास निम्म्यावर येतो. मधला डिफ मोटरच्या शेजारी असतो, तोच सगळ्यात आधी तापतो. भर दुपारी दुसऱ्या बॅटरी पॅकला गाडी सकाळची वाटत नाही, त्याचं कारण हे. उन्हाळ्यात मी मधे थेट १० हजार भरतो.

पावसाळ्यात डिफच्या आतलं काही बिघडत नाही, बाहेरची ८×१६×५ ची बेअरिंगं जातात. चिखलातून आली की धुवा, ब्लोअर मारा, तेलाचा थेंब सोडा. तरी बेअरिंगं सुटी आणून ठेवाच. ‘काका, ही पाण्यात पण चालते?’ असं विचारणाऱ्या पोरांना मी ‘चालते, पण रात्री मला जागवते’ असं सांगतो.

रिंग गिअर (डिफवरचा मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांच्यामधल्या शिमबद्दल थोडक्यात: हाताने फिरवताना अडकू नये आणि टकटक खेळही नसावा. खेळ राहिला तर उडीवरून उतरताना पिनियनचे दात उडतात.

सध्या पुढच्या आउटड्राइव्हच्या खाचा ड्राइव्हशाफ्टच्या पिनांनी खोल कापल्या आहेत. ते बदलीन तेव्हा पुढे ७ हजारही भरून बघणार आहे. पाऊस पडल्यावर माती बसते, तेव्हा चाललं तर चालेल.