'मुक्ता', 'बलू' आणि 'अनेक' हे फॉन्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. सलग वाचायच्या मजकुराला मुक्ता, मथळे आणि तक्ते यांना 'अनेक' (हे फॉन्टचंच नाव), आणि लहान मुलांचं काही किंवा खाऊच्या दुकानाची पाटी असेल तर बलू. तिन्ही देवनागरी फॉन्ट फुकट आहेत आणि तिन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या टाइप डिझाइन करणाऱ्या मंडळींचे आहेत. आठ महिन्यांत वेबसाइट, माहितीपत्रकं, दरपत्रकं आणि फ्लेक्स अशा चारही ठिकाणी वापरून झाले. सगळ्यात मोठी गोष्ट कळली ती अशी, की 'फॉन्ट मोडका आहे' ही तक्रार बहुतेक वेळा फॉन्टची नसतेच. ती सॉफ्टवेअरच्या एका न लावलेल्या खुणेची, किंवा जुन्या फॉन्टमधून ओढून आणलेल्या मजकुराची असते.

परवाना 'ओपन फॉन्ट लायसन्स'चा आहे. धंद्यात वापरा, पुस्तकात छापा, ॲपमध्ये घाला, पैसे नाहीत. नुसता फॉन्ट सीडीत भरून विकायचा नाही. दुसऱ्याला द्यायचा तर परवान्याची मजकूर-फाइल सोबत द्यायची. छापखान्याला फाइल देताना फॉन्ट सोबत देता येतो, ही श्रीलिपी या विकतच्या फॉन्ट-सॉफ्टवेअरच्या डाँगलवर (संगणकाला लावायच्या कुलपावर) वर्षं काढलेल्यांना मोठी सुटका आहे.

फॉन्ट उतरवल्यावर पहिलं काम म्हणजे ही ओळ लिहून बघा : 'वऱ्हाडातल्या कर्मचाऱ्यांनी ट्रॅक्टरवरून लक्ष्मीच्या मूर्तींचं तत्त्वज्ञान शेवटी ॲपवर उज्ज्वल केलं.' अर्थ शोधू नका. 'ऱ्हा' आणि 'ऱ्यां' मध्ये र अर्धचंद्रासारखा आडवा यायला हवा, रफार म्हणून डोक्यावर नाही. 'र्तीं' मध्ये रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार अशी तिघांची गर्दी होते. ते एकमेकांवर चढता कामा नयेत. 'ट्रॅ' मध्ये खाली र आणि वर चंद्र. 'त्त्व' आणि 'ज्ज्व' मध्ये तीन-तीन व्यंजनं. शेवटी 'ॲ'. या ओळीत जो फॉन्ट टिकतो तो पुढे फारसा दगा देत नाही. ही ओळ १२ पॉइंटला लिहा, मग १४ पिक्सेलला मोबाइलवर बघा. ध-घ आणि भ-म या जोड्या शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर ओळखायच्या असतात, आणि लहान आकारात ती फट सगळ्यात आधी बुजते. मुक्ताची फट मोबाइलवर व्यवस्थित दिसते. मजकुराला त्याची शिफारस करण्याचं मुख्य कारण हेच. त्याचा साधेपणा कुणाला कंटाळवाणा वाटेल, पण चाळीस पानांच्या माहितीपत्रकात कंटाळवाणाच फॉन्ट हवा.

आता ल आणि श. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. हिंदीत या दोन्हींची रूपं वेगळी चालतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक क्रमांक-यादीत, मात्र ल एकच आणि श एकच. रूप बदलायचं काम फॉन्टच्या आत असतं, आणि ते तेव्हाच होतं जेव्हा सॉफ्टवेअर फॉन्टला सांगतं की मजकूर मराठी आहे. वेबपानावर भाषेच्या खुणेत हिंदी लिहून ठेवलं, किंवा काहीच लिहिलं नाही, की फॉन्ट आपलं मूळ रूप दाखवणार. कुठल्याही फॉन्टची परीक्षा सोपी आहे : तीच ओळ दोनदा लिहा, एकीला भाषा मराठी द्या, दुसरीला हिंदी. ल बदलला तर सोय आत आहे. नोटो सान्स देवनागरीत ती आहे. आणि भाषेची भानगडच नको असेल तर टिरो देवनागरी मराठी हा वेगळा फॉन्ट मराठी रूपंच घेऊन येतो. तो उभ्या-आडव्या रेघांच्या जाडीत फरक ठेवणारा, पुस्तकी वळणाचा आहे. कथा-कादंबरीला मुक्तापेक्षा तोच बरा.

'ऱ्या'ची खरी डोकेदुखी दिसण्यात नाही, शोधण्यात आहे. हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं : एक ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त घेऊन, दुसरी साधा र, हलन्त आणि त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह घेऊन. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखी. पण शंभर पानांत 'शेतकऱ्यांना' शोधलंत तर एका तऱ्हेने लिहिलेलेच सापडतील. काम सुरू करण्याआधी शोधा-बदला लावून सगळं ऱ च्या तऱ्हेवर आणावं. तेच 'ॲ'चं. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात अ वर चंद्र ठेवून काम भागवलेलं असतं. ते दिसतं जवळपास तसंच, पण काही ठिकाणी चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

या वर्तुळाला शिव्या घालू नका, ते मित्र आहे. वेलांटी, काना, अनुस्वार चुकीच्या क्रमाने पडला की ते येतं. श्रीलिपी किंवा आयएसएम या जुन्या टायपिंग-सॉफ्टवेअरांमधला मजकूर युनिकोडमध्ये न्यायला कन्व्हर्टरमधून काढला की हमखास निघणाऱ्या चुका म्हणजे ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटणं, रफार एक घर सरकणं, 'ऱ्या'चा 'र्या' होणं आणि अनुस्वार मात्रेच्या आधी येणं. वर्तुळ दिसलं की चूक कुठे आहे ते कळतं. फक्त 'र्या' गुपचूप बसतो, त्याला वर्तुळ नाही. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' हे दोन वेगळे गृहस्थ आहेत, तेव्हा तो डोळ्यांनीच शोधावा लागतो.

सॉफ्टवेअरनुसार करायच्या गोष्टी. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूतून वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोझर निवडा. तो न निवडता देवनागरी टाकली की वेलांटी अक्षरानंतर येते आणि हलन्त उघडे पडतात. ही निवड मजकुरावर नव्हे, परिच्छेद-शैलीतच करून ठेवा, नाहीतर प्रत्येक नव्या चौकटीत पुन्हा तेच. अक्षराच्या पॅनेलमध्ये भाषा मराठी, आणि हायफनेशन बंद. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात इंडिक पर्याय दाखवायची खूण करावी लागते, मगच कम्पोझर दिसतो. लिबर ऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमधला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू हवा. वर्डमध्ये फसायची जागा वेगळी : देवनागरीचा फॉन्ट आणि आकार 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या वेगळ्या खान्यात बसतो. शैलीत वरच्या खान्यात मुक्ता १२ लिहिलं आणि खालचा खाना तसाच सोडला, तर इंग्रजी शब्द मुक्तात आणि मराठी दुसऱ्याच फॉन्टमध्ये, दुसऱ्याच आकारात. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी लावायच्या भानगडीत पडू नये. पीडीएफ करून आणा किंवा अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे नुसत्या आकृत्या) करून आणा.

कर्व्हवरून आठवलं. देवनागरी फॉन्टमध्ये शिरोरेषा सलग दिसावी म्हणून प्रत्येक अक्षराची रेघ शेजाऱ्यावर किंचित चढवलेली असते. मथळ्याला बाहेरून पांढरी किंवा सोनेरी किनार दिली की प्रत्येक अक्षराच्या सांध्यावर ती किनार आतून दिसते, आणि 'महाराष्ट्र' रेल्वेच्या डब्यांसारखा तुकड्या-तुकड्यांचा होतो. अक्षरांना थोडी पारदर्शकता दिली तरी सांध्यावर गडद ठिपके. उपाय : आधी कर्व्ह, मग कोरलमध्ये वेल्ड किंवा इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये युनाइट, आणि त्यानंतर किनार. कर्व्ह करण्याआधी मजकुराची प्रत जपून ठेवा. फ्लेक्सवर मानकऱ्याचं नाव चुकलं की रात्री अकराला पुन्हा तिथूनच सुरुवात असते.

अक्षरांतलं अंतर वाढवणं, म्हणजे लेटर-स्पेसिंग, देवनागरीत शून्यच ठेवायचं. इंग्रजी कॅपिटल मथळ्यांना ते शोभतं म्हणून टेम्पलेटमध्ये घातलेलं असतं आणि मराठी आवृत्तीत तसंच उतरतं. शिरोरेषेचे तुकडे होतात. मथळा ऐसपैस हवा असेल तर अनेक वापरा. तो व्हेरिएबल फॉन्ट आहे : जाडी १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ यांमध्ये कुठेही थांबवता येते. ११२ ची रुंदी घेतली की अक्षरंच पसरट होतात आणि रेघ अखंड राहते. उलट दरपत्रकात, जिथे 'व्यवस्थापन शुल्क' अरुंद रकान्यात कोंबायचं असतं, तिथे ८७ पुरेशी. ७५ मात्र लहान आकारात जोडाक्षरांची खिचडी करते. ती २४ पॉइंटच्या वरच ठेवावी. मुख्य म्हणजे अक्षर संगणकावर आडवं दाबून बारीक करण्याची सवय सुटते. दाबलं की उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या तशाच राहतात, म्हणून शिरोरेषा नांगरासारखी दिसते. अनेकची अरुंद रूपं मुळातच आखलेली असल्याने जाडीचा तोल राहतो.

बहुभाषक कामात या मंडळींची कारागिरी खरी कळते. मुक्ताची गुजरातीसाठी मुक्ता वाणी, गुरुमुखीसाठी मुक्ता माही आणि तमिळसाठी मुक्ता मलर अशी भावंडं आहेत. अनेक तर नऊ भारतीय लिप्या आणि रोमनमध्ये आहे. मराठी-कन्नड-इंग्रजी असा सीमाभागातला फलक करायचा झाला, तर तिन्हींची जाडी डोळ्याने जुळवत बसावं लागत नाही. तिन्हीकडे ६०० घेतलं की काळेपणा जुळतो. बलूच्या भावंडांची नावं वाचाच : गुजराती भाई, मल्याळम चेट्टन, बांगला दा, गुरुमुखी पाजी, कन्नड तम्मा, तेलुगू तम्मुडू, तमिळ थंबी. सगळे भाऊच. देवनागरी तेवढा नुसता बलू. 'बलू दादा' म्हणायला काय हरकत होती?

बलू २ मध्ये, म्हणजे बलूच्या नव्या आवृत्तीत, ४०० ते ८०० अशी पाचच वजनं (जाडीच्या पायऱ्या) आहेत आणि सगळी गुबगुबीत. दोन ओळींच्या पुढे तो थकवतो. परीक्षेचं वेळापत्रक किंवा शोकसंदेश त्यात लावलेले बघितले आहेत. कृपा करून नको. याच मंडळींचा मोदक त्याहून जाड आहे, इतका की अक्षरांतल्या पोकळ्या नुसत्या पांढऱ्या रेघा उरतात. दहा फुटी फ्लेक्सवर छान, पण वर्तमानपत्री कागदावर शाई पसरते आणि रेघा बंद होतात.

वेबसाइटसाठी थोडं सविस्तर. मुक्ताची २०० ते ८०० अशी सात वजनं आहेत; सगळी लावू नका. देवनागरी फाइल जोडाक्षरांच्या शेकडो आकृत्यांमुळे रोमनपेक्षा बरीच जड असते. ४०० आणि ७०० पुरे. पण फक्त ४०० लावून मथळा ठळक केला, तर ब्राउझर स्वतःच अक्षर फासून जाड करतो आणि ध-घ बुजतात. तिरकं अक्षर मुक्तात नाही. ब्राउझर ते ढकलून खोटं तिरकं करतो. ते बंद करून जोर द्यायला ठळक किंवा अवतरणचिन्हं वापरावीत. ओळीची उंची १६ पिक्सेलला १.६ ते १.७ पट; इंग्रजीची १.४ ठेवली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अधोरेखा उकारांना कापते, तिला थोडं खाली सरकवा.

फाइल छोटी करायला नको असलेली अक्षरं छाटता येतात, पण छाटताना पुष्कळ जण फक्त देवनागरीचा गट ठेवतात. तिन्ही अदृश्य-अर्धदृश्य चिन्हं सोबत हवीत : जोडचिन्ह, तोडचिन्ह (जोडाक्षर होऊ न देणारं) आणि ठिपक्यांचं वर्तुळ. जोडचिन्ह गेलं की ते घालून टाइप केलेले 'ऱ्या' दुसऱ्या फॉन्टमध्ये उडी मारतात किंवा मोडतात. तोडचिन्ह गेलं की पाठ्यपुस्तकी 'विद्‌यार्थी', 'बुद्‌धी' यांसारखी पाय मोडून लिहिलेली रूपं बिघडतात. आणि वर्तुळ गेलं की चुकीचा क्रम दिसायचाच बंद होतो, जे सगळ्यात वाईट. रुपयाचं चिन्हही तपासा.

युरोपातल्या मराठी मंडळांच्या साइटींसाठी आणखी एक. गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट ओढला की वाचकाचा आयपी पत्ता तिकडे जातो. २०२२ च्या जानेवारीत म्युनिकच्या न्यायालयाने हे खासगीपणाच्या नियमांविरुद्ध ठरवलं. तेव्हा फाइल उतरवून आपल्याच सर्व्हरवर ठेवावी. परवाना त्याला आडकाठी करत नाही.

छपाईत मुक्ता ११ पॉइंट असेल तर ओळ १६ पॉइंटची. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर एक वजन वर चढा, म्हणजे ४०० च्या जागी ५००. अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवायचा हट्ट धरू नका. मराठीत शब्द लांब, तोडायची चाल नाही, म्हणून 'जिल्हाधिकाऱ्यांच्या' सारखा एक शब्द खाली गेला की वरच्या ओळीत विहिरी पडतात. ओळीत पाच-सहाच शब्द मावत असतील तर डावीकडून सरळ आणि उजवीकडे सोडून द्या.

आणि पीडीएफमधून मराठी मजकूर कॉपी करून परत वापरता येईल असं गृहीत धरू नका. पीडीएफ आकृत्या साठवते, त्यामुळे बाहेर काढताना वेलांट्या आणि रफार जागा बदलतात. फॉन्ट कितीही चांगला असो. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, आणि तिच्यात ऱ एकाच तऱ्हेचा.