परेडच्या वर्दीसाठी रत्नागिरीतलं एक शिलाईचं दुकान

ज्यांची मुलं-मुली पोलीस भरतीत लागली आहेत, त्या आईवडिलांसाठी हे लिहितो आहे. रामआळीच्या मागे एका बोळात शिलाईचं एक दुकान आहे. पाटी नाही. आत दोन मशिनी, एक कोळशाची इस्त्री, आणि दाराशी खुंटीला जुनी खाकी टोपी. त्या टोपीवरून ओळखायचं. दुकान चालवतात ते चाचा सत्तरीच्या पुढचे आहेत. मी 34 वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झालो. माझ्या मुलीची दीक्षांत संचलनाची वर्दी चाचांनी सुधारून दिली, त्याचा हा अनुभव.

मुलगी भाट्याच्या वाळूत पहाटे 800 मीटर धावून तयार झाली. मुलींना 155 सेंटिमीटर उंची लागते, तिची 156. निवड झाली आणि प्रशिक्षणासाठी घाटावर गेली. तिथे गणवेश घाऊक शिवून मिळाले. गणपतीला चार दिवस घरी आली तेव्हा रात्री आरती आटोपल्यावर तिने वर्दी घालून दाखवली आणि मला फार वाईट वाटलं. तो पुरुषी शर्टाचाच लहान नंबर होता. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, छातीचे खिसे काखेकडे सरकलेले, पँट कमरेत ढगळ आणि मांडीला आवळ. म्हटलं, "बाय, सलामी शस्त्र करून दाखव." कोपऱ्यातली छत्री रायफलसारखी समोर उभी धरून तिने सलामी केली. शर्ट पट्ट्यातून चार बोटं वर आला.

"कवायत शिकवणारे उस्ताद काही बोलले नाहीत?"

"मॅडमनी सगळ्यांचं वहीत लिहून घेतलंय. परेडच्या आधी नीट करून आणा म्हणाल्या."

मी गप्प बसलो. 1989 साली मी रंगरूट होतो. कोठारातून हाताला येईल तो शर्ट आपला. आमच्या प्लाटूनमध्ये एकाचा शर्ट असाच सुटायचा. त्याला थ्री-नॉट-थ्री डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारायला लावलं, रोज, आठवडाभर. चार किलोची रायफल ती. शर्ट आखूड आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण तो बदलून द्यावा असं कोणी म्हटलं नाही, मीही नाही. याला आम्ही रगडा म्हणायचो, आणि शिस्त रगड्यातूनच येते असं मी परवापरवापर्यंत मानत होतो.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन चाचांकडे गेलो. त्यांनी टेप हातात घेतलीच नाही. लाकडी गज तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी चालून दाखव, बेटा." बोळात लोक बाजूला झाले. तेज चल, थम, सलामी शस्त्र, बाजू शस्त्र, सगळं करून घेतलं. मग मापं. ती त्यांच्या सूनबाईंनी पडद्याआड घेतली, चाचा बाहेर बसून आकडे लिहीत होते. मुलीला घेऊन जाणाऱ्यांना हे मुद्दाम सांगतो. प्रत्येक माप दोनदा घेतलं, एकदा हात खाली ठेवून आणि एकदा हात उचलून. इतक्या वर्षांत माझं माप कुणी असं घेतलं नाही.

कामही तसंच. मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती शिवण, उसवून वर घेतला, बगलेत कळी, म्हणजे कापडाचा जादा तुकडा, टाकली, छातीला टक्स घेतले, दोन्ही खिसे सोडवून पुन्हा जागेवर लावले. पँटच्या कमरपट्टीला आतून रबरी पट्टी बसवली, म्हणजे शर्ट धरून राहतो. कळीसाठी कापड हवं होतं. पावसाने उघडीप दिली तेव्हा चाचा तिचा शर्ट आणि तीन थानं घेऊन दारात उजेडात उभे राहिले. "खाक म्हणजे माती, हवालदारसाहेब. दर गावची माती वेगळी," असं म्हणत त्यांनी दोन थानं परत ठेवली. खाकीच्या छटा आत ट्यूबलाइटखाली एकसारख्या दिसतात, मैदानात उन्हात नाही. रांगेत एक बाही पिवळट असली की बघणाऱ्याची नजर तिथेच अडकते. खळ मात्र त्यांनी घातली नाही. आपल्या दमट हवेत ती दुपारपर्यंतही टिकत नाही. घडीवर ओला पंचा ठेवून इस्त्री फिरवली, ती घडी तिने बॅगेतून नेली तरी मोडली नाही.

मी नोकरीला लागलो तेव्हा ठाण्यातल्या जुन्या महिला पोलीस खाकी साडी नेसत. बंदोबस्तात निऱ्या खोचून धावताना मी त्यांना पाहिलं आहे. त्यांच्या अंगाला काय सोयीचं, हे तेव्हा कोणी विचारलं नसावं.

आता तक्रारी. गुरुवारी देतो म्हणाले आणि शुक्रवारी संध्याकाळी दिलं; त्याच रात्री मुलीची एसटी होती, आमचा जीव टांगणीला. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी दुकान बंद असतं, त्या वेळी जाऊ नका. एका पँटची तळपट्टी सैल होती, ती मी घरी हाताने घातली. दोन जोड सुधारायला 700 रुपये घेतले, नवा जोड शिवायला 1100 सांगितले. शिट्टीची दोरी, पट्टा, नेमप्लेट मिळते. बूट मिळत नाहीत.

बुटांवरून आठवलं. परेडला बऱ्याच पोरांच्या पायात पॉलिश न लागणारे चकचकीत बूट होते. हे मला अजिबात पटलं नाही. आमच्या बरॅकीत रात्री सगळे गोल करून बसायचे, फडक्याला थुंकी लावून टाच चमकवायचे, आणि कुणाच्या घरून पत्र आलं नाही, कुणाची आई आजारी आहे, हे त्या तासाभरात कळायचं. रगडा गेला त्याचं दुःख नाही. ती बैठक जायला नको होती.

परेड दिवाळीच्या तोंडावर झाली. ध्वज घेऊन निशाण टोळी आली, पाहुण्यांनी उघड्या जीपमधून पाहणी केली, शपथ झाली. संथ पावलांचं धीरे चल सुरू झालं तेव्हा माझे डोळे फक्त तिच्या कमरेच्या पट्ट्यावर होते. तिसरी प्लाटून, दुसरी रांग. "दाहिने देख"ला माना एका झटक्यात वळल्या. सांगायला जड जातं, पण आमच्या रांगा इतक्या सरळ नव्हत्या.

येताना गाडीत तिला सहज विचारलं, खुनाचं कलम कुठलं? मला 302 झोपेतही आठवतं. ती म्हणाली, "103, बाबा." 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंडसंहितेत 511 कलमं होती, हिच्यात 358 आहेत, आणि ही पोरं नवीनच शिकून बाहेर पडली. मग घर येईपर्यंत मी विचारत गेलो आणि ती सांगत गेली.

दोन दिवसांनी पेढे घेऊन दुकानात गेलो. चाचांनी मशीन थांबवली. पुडा तसाच माझ्या हातात.

"सलामीला शर्ट सुटला?"

"नाही. एकदाही नाही."

त्यांनी मापांची वही काढली, तिचं पान उघडलं आणि कानावरची पेन्सिल घेऊन नावासमोर बरोबरची खूण केली. मग पुडा घेतला.