अख्खा लेआउट की एकेक तुकडा?

ठाण्याच्या फ्लॅटमध्ये मॉडेल रेल्वे उभारताना उत्साह कशाने टिकतो, हे मी दोन्ही वाटांनी जाऊन पाहिलं.

आधी आठ बाय चार फुटांचा प्लायवूड घेतला. सगळे रूळ, सगळी वायरिंग, मग देखावा. एचओ म्हणजे १:८७ या मापात लोकलचा एक डबा साधारण २४ सेंटिमीटर, म्हणजे बारा डब्यांची गाडी पावणेतीन मीटरच्या वर! ठाण्याजवळचा १.३ किलोमीटरचा पारसिक रेल्वे बोगदा तर १५ मीटर होतो. आठ महिने झाले तरी गाडी धावली नाही. बेडरूममधलं ते अर्धवट टेबल रोज डोळ्यांत सलायचं.

मग दोन बाय एक फुटाचा तुकडा घेतला. तो पूर्ण झाल्यावरच पुढचा. त्यावर बोगद्याचं फक्त तोंड आहे: दगडी कमान, पावसाळी शेवाळ, बारीक खडी. खडीवर पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडला (त्यात भांड्याच्या साबणाचा थेंब घाला, गोंद छान मुरतो). पंधराव्या दिवशी इंजिन कमानीतून बाहेर आलं आणि बाबा खुर्ची ओढून समोर बसले. त्या संध्याकाळीच पुढच्या तुकड्याचं माप घेतलं.

मोठ्या लेआउटवर गाडी गोल फिरत राहते, ते सुख तुकड्यावर नाही. स्वतंत्र खोली आणि कामाला सोबती असेल तर तो जरूर करा. नाहीतर तुकडाच. फक्त रुळांची टोकं एकाच साच्याने आखा, म्हणजे तुकडे जुळतील. माझा दुसरा कळव्याच्या खाडीपुलाचा आहे. गर्डर कापून झालेत.